कला आणि विज्ञान एकत्र येतात असा तुम्हाला थक्क करणारा शोध कोणता? बारावीतल्या मुलाने या विषयात सुरुवात कुठून करावी?

तबल्याची शाई, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचा काळा गोल. माझ्यापुरतं दुसरं उत्तर नाही.

माझे वडील तबले-पखवाज दुरुस्त करायचे. पुडीवर, म्हणजे तोंडाच्या चामड्यावर, शाई भरताना लोखंडाची पूड आणि खळ यांचा पातळ थर द्यायचा, दगडाने घोटायचा, टिचकी मारून ऐकायचं, मगच पुढचा थर. घोटून घोटून शाईला बारीक भेगा पडतात. त्या नीट पडल्या नाहीत तर ती चामड्याबरोबर हलत नाही, नाद कोंडतो. हे मला आठव्या वर्षी माहीत होतं, कारण रविवारी तो दगड माझ्या हातात असायचा.

बारावीत ध्वनीचा धडा चालू होता. सर म्हणाले, तारेचे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असतात म्हणून तारेला सूर असतो. चामड्याचं तसं नाही, म्हणून तबल्याला नुसता आवाज असतो. मी उभा राहिलो. "सर, आमच्याकडे लोक काळी एक या सुराचा तबला मागायला येतात." वर्ग हसला. सर म्हणाले, "तो धंदा झाला, हे विज्ञान आहे." मी खाली बसलो. घरी काही सांगितलं नाही.

एमएस्सीला असताना ग्रंथालयात सी. व्ही. रामन यांचं आपल्या तालवाद्यांवरचं काम हाती लागलं. पहिला छोटा लेख शिवकाली कुमार यांच्यासोबत, १९२० साली 'नेचर'मध्ये. म्हणजे नोबेलच्या दहा वर्षं आधी! सगळीकडे सारखं चामडं असेल तर कंपनं १, १.५९, २.१४, २.३० अशा विस्कळीत पटींत येतात. इथपर्यंत सर बरोबर होते. पण मधे शाईचं वजन पडलं की तीच कंपनं सरकून १, २, ३, ४, ५ च्या जवळ येऊन बसतात. १९३४ च्या सविस्तर लेखात तर रामन यांनी पुडीवर बारीक वाळू पसरून, ती कुठे गोळा होते यावरून हे दाखवलंय. नऊ तऱ्हांची कंपनं, आणि त्यांचे जुळून आलेले पाचच स्वर. 'ना' वाजवताना आपण अनामिका शाईच्या कडेला टेकवतो, ती मूळ स्वर दाबते आणि दुपटीचा उपस्वर मोकळा सोडते. मी हे वाचताना उभाच होतो.

वडिलांना सगळं मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "शाई भरायच्या आधी पुडी मुकीच असते की."

मुलाला पुस्तक नंतर द्या. आधी तबला दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन जा. बिनशाईची पुडी आणि शाई भरलेली पुडी, दोन्हींवर टिचकी मारून ऐकू दे, फोनवर ध्वनिमुद्रण करून आलेख बघू दे. कारागीर हे 'अंदाजाने' करतो असं म्हणणाऱ्या शिक्षकाकडे मात्र हा विषय शिकायला पाठवू नका. प्रत्येक थरानंतर ऐकून पुढचा थर ठरवणं हे मोजमापच आहे.

हां, पटी अगदी काटेकोर नसतात, जवळपास असतात. आणि हे सगळं दायाबद्दल, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याबद्दल. डाव्या हाताच्या डग्ग्याची शाई मधोमध नसते, त्याला हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. सरांनी सांगितलेला नियमही खोटा नव्हता, तो कोऱ्या चामड्याचा होता. मी तबल्याबद्दल बोलत होतो.