नॅनो चांदीने टाकी का बिघडली?

प्रश्न (गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एक शेतकरी): बारा गुरांचा गोठा धुतलेलं पाणी हवेच्या पंपाच्या टाकीतून कुळागरात केळी-सुपारीला सोडतो. रोगराई नको म्हणून महिनाभर गोठ्यात ‘नॅनो सिल्व्हर’चं द्रावण फवारलं. आता टाकीजवळ गेलं की डोळे चुरचुरतात. ताजं शेण कालवून ओतलं, तरी फरक नाही. आणि नॅनो युरियाही टाकीला बाधतो का?

उत्तर: डोळे चुरचुरतात ते अमोनियामुळे. तो आधीही तयार होत होताच, पण टाकीतले नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करायचे, पुढचे जिवाणू नायट्रेट. ही साखळी तुटलेली दिसते. चांदीचे कण १०० नॅनोमीटरहून बारीक. त्यांतून सुटणारे चांदीचे आयन जिवाणूंच्या विकरांना (एन्झाइमना) चिकटून त्यांचं काम बंद पाडतात. रोगाचा जंतू कोणता आणि आपल्या कामाचा कोणता, हे चांदीला कळत नाही. त्यातही हे नायट्रोजनवाले फार नाजूक आणि वाढीला मंद. हगवणीचा ई. कोलाय पोषक स्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, यांना बऱ्याचदा दिवस लागतो.

शेण ओतलंत ते समजण्यासारखं आहे, विचारलं असतं तर शेजाऱ्यांनीही तेच सांगितलं असतं. पण शेणातले, गोबरगॅसला लागणारे जिवाणू हवेशिवाय जगणारे. इथे हवा लागणारे जिवाणू पाहिजेत. शिवाय शेणातून अमोनिया आणखी वाढतो.

आधी द्रावण बंद करा. तळाचा गाळ उपसून प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात झाकून ठेवा. व्हाळात (ओढ्यात) किंवा विहिरीजवळ नको. चांदी मुख्यतः गाळातच बसते. तिथे गंधकाशी जुळून तिचं सल्फाइड झालं तर जहालपणा बराच उतरतो, तरी तपासल्याशिवाय तो गाळ कुळागरात घालू नका. हाच नियम जस्ताच्या नॅनो कणांच्या गाळालाही लावा, कारण आपल्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत जस्त जास्त विरघळतं.

मग एखाद्या नीट चालणाऱ्या हवेच्या टाकीतला दोन-तीन बादल्या गाळ विरजण म्हणून घाला. पंप रात्रंदिवस चालू द्या आणि गोठ्याचं निम्मंच पाणी आत सोडा. उरलेलं शेणखताच्या ढिगावर शिंपडा. मत्स्यपालनवाल्यांकडे अमोनिया तपासायचं किट मिळतं, त्याने आठवड्याला पाहा. तीन-चार आठवडे तरी द्यावेच लागतील.

गोठ्यासाठी ऊन आणि कोरडी जमीन पुरते. चुना टाकलात तर तो धुऊन टाकीत जाऊ देऊ नका, पाणी अल्कधर्मी झालं की अमोनियाचा वास वाढतो.

नॅनो युरियाचंही तुम्ही विचारलं होतं. त्यात धातू नाही, नायट्रोजन आहे. तो पानांवर फवारा, टाकीशी त्याचा संबंध नाही. सुपारीला कोळेरोगासाठी (फळं कुजण्याच्या रोगासाठी) बोर्डो मिश्रण फवारता, त्यातलं मोरचूद मात्र तांब्याचं. नॅनो नसलं तरी या जिवाणूंना तेही मारक. फवारणीनंतर पंप धुतलेलं पाणी त्याच टाकीत ओतत असाल, तर तेही आजपासून थांबवा.