सही करू नकोस

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवला आणि रात्रभर झोप लागली नाही. मणक्याच्या टीबीनं घरी बसलायस, तरी तू बोललास फार थोडं. "काका, सुपरवायझर म्हणतोय राजीनामा लिहून दे, बरा झालास की परत घेतो." एवढं म्हणालास आणि गप्प झालास. ते गप्प होणं माझ्या ओळखीचं आहे. म्हणून फोनवर न सांगता लिहून पाठवतोय, म्हणजे पुन्हा पुन्हा वाचता येईल. आईलाही वाचून दाखव.

राजीनामा देऊ नकोस. कोरा कागद असो, छापील असो, "हे फक्त हजेरीसाठी आहे" म्हणून पुढे केलेला असो, सही करू नकोस. "घरच्यांना विचारून सांगतो" म्हण आणि उठून ये. फोन आले तर "आजारी आहे, दवाखान्याचं सर्टिफिकेट पाठवतोय" एवढंच बोल. सर्टिफिकेटचा फोटो व्हॉट्सॲपवर ठेकेदाराला पाठव आणि तो मेसेज पुसू नकोस. आजारी माणसाला सर्टिफिकेटवर असताना काढणं त्यांना जड जातं, म्हणून तर राजीनामा मागतात. तू आपणहून गेलास असं कागदावर आलं की पगारातून जाणारे विम्याचे पुढचे हप्ते थांबले, आणि हप्त्यांवर उभा असलेला हक्कही गेला.

हे इतक्या जोरात सांगतोय, कारण मी सही केली होती.

1994 साली मी भोसरीत लेथवर होतो, नऊ वर्षं झाली होती. पावसाळ्यात धरलेला खोकला गेला नाही आणि दिवाळीच्या सुमारास थुंकीतून रक्त पडलं. क्षय. तेव्हा हे नाव कुणी मोठ्यानं घेत नसे. साहेबांनी केबिनमध्ये बसवून चहा पाजला. कागद टाइप करून तयारच होता, तारखेची जागा तेवढी मोकळी. मी सही केली आणि वर "आभारी आहे साहेब" म्हणून बाहेर आलो. त्या क्षणी माझ्या शर्टाच्या खिशात राज्य विम्याचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आजारपण-विम्याचं, ज्याला ईएसआय म्हणतात त्याचं कार्ड होतं. दर महिन्याला पगारातून पैसे कापले जात होते आणि मला वाटायचं ते दवाखान्यातल्या गोळ्यांसाठी असतात. घरी बसलेल्या आजारी कामगाराला रोख पैसे मिळतात, क्षयासारख्या आजारात ते बरेच महिने मिळतात, आणि ते घेत असताना मालकानं त्याला काढायचं नाही असं तेव्हाच्या राज्य विमा कायद्याच्या 73व्या कलमात लिहिलेलं होतं, हे मला पुढच्या वर्षी कळलं. दवाखान्याच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसानं सांगितलं. तोवर तुझ्या काकूच्या पाटल्या सराफाकडे गेल्या होत्या. त्या परत आल्या नाहीत.

तेव्हापासून मी कुणालाही हे आधी सांगतो.

आता तुझं बघू. तुझी पगाराची चिठ्ठी काढ. 18,000 पगारावर ईएसआय म्हणून 135 रुपये कापलेले दिसतील. म्हणजे पगाराच्या पाऊण टक्का. मालकानं स्वतःचे सव्वातीन टक्के, म्हणजे 585 रुपये, वर घालायचे असतात. महिन्याला 21,000 पर्यंत पगार असलेला कामगार या योजनेत बसतो. ठेकेदारानं पैसे भरले नाहीत तर ज्या कंपनीत तू प्रत्यक्ष काम करतोस तिच्यावर जबाबदारी येते. तेव्हा "तू आमचा नाहीस, ठेकेदाराचा आहेस" हे वाक्य इथे चालत नाही.

साध्या आजारपणात रोजच्या सरासरी पगाराच्या 70 टक्के मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. तुझा रोज 600 धरला तर 420 रुपये. पहिले दोन दिवस धरत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पण तुझा आजार साधा नाही. मणक्याच्या टीबीचं औषध वर्षभर किंवा जास्तही चालतं, 91 दिवसांत काय होणार? त्यासाठी वाढीव लाभ आहे. 34 लांबलेल्या आजारांची यादी आहे, क्षय त्यात आहे. त्यात 80 टक्के मिळतात, म्हणजे तुला रोजचे 480, आणि तो लाभ दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. तो आपोआप सुरू होईल असं समजू नकोस. तज्ज्ञ डॉक्टरांचा कागद लागतो आणि मागावा लागतो.

अटी दोन, आणि तू अडकशील तर इथेच अडकशील.

एक, साध्या लाभासाठी आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांचे हप्ते हवेत. जानेवारी ते जूनमध्ये आजारी पडलास तर हिशेब मागच्या एप्रिल ते सप्टेंबरचा. जुलै ते डिसेंबरमध्ये पडलास तर ऑक्टोबर ते मार्चचा. नुकत्याच लागलेल्या पोरांना म्हणूनच सुरुवातीचे काही महिने पैसे मिळत नाहीत. तुझे 78 दिवस सहज भरतात.

दुसरी, वाढीव लाभासाठी आजाराचं निदान होताना सलग दोन वर्षांची नोकरी आणि मागच्या चार सहामाह्यांत 156 दिवसांचे हप्ते. तू म्हणालास, चाकणला साडेतीन वर्षं झाली. पण मध्ये ठेकेदार बदलला. नव्यानं आधार घेतलं, नवी भरती दाखवली आणि तुला नवा विमा नंबर काढून दिला, हो ना? तुझ्या मोबाईलमध्ये ते पहिलं ई-पहचान पत्र, म्हणजे विम्याचं ओळखपत्र, अजून असेल, शोध. नंबर दहा आकडी असतो. दोन्ही वेगवेगळे असतील तर संगणकाला तू दीड वर्षाचा दिसतोस. काम तेच, मशीनही तेच, तरी दोन माणसं. ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज देऊन दोन्ही नंबर एकत्र करून घ्यायचे. सोबत दोन्ही ठेकेदारांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेचं पासबुक, ज्यात पगार सलग जमा झालेला दिसतो. हे काम आधी. बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

दुसरी एक गल्लत बहुतेक सगळे करतात. दवाखाना आणि पैसे देणारं कार्यालय एक नव्हे. आपल्याकडे बहुतेक दवाखाने राज्य सरकारची कामगार विमा यंत्रणा चालवते, पैसे मात्र केंद्राच्या कर्मचारी राज्य विमा निगमाची शाखा देते. दवाखान्यात "माझे पैसे का आले नाहीत" म्हणून भांडलास तर त्यांच्या हातात काही नाही. शाखेत "डॉक्टरांनी कमी दिवस लिहिले" म्हणालास तर त्यांच्याही हातात काही नाही. दिवस डॉक्टर लिहितो आणि पैसे शाखा काढते. भांडण ज्याचं त्याच्याकडे न्यावं.

सर्टिफिकेटांची साखळी तुटू द्यायची नाही. पहिलं, मग मधली, मग कामावर जाताना शेवटचं. गेल्या वर्षी एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. पावाच्या प्लास्टिकच्या पिशवीत त्यांनी सगळे कागद गुंडाळून आणले होते, एकही हरवलेला नव्हता. एका सोमवारी डॉक्टर रजेवर होते, बाई परत फिरल्या आणि गुरुवारी गेल्या. मधल्या तीन दिवसांना कागद नाही. तेवढ्यावर पुढचा हिशेब अडकून पडला आणि तो सोडवायला दोन महिने गेले. तुझ्यावर अशी वेळ आली तर परत फिरू नकोस. दुसऱ्या डॉक्टरांना भेट, नाही जमलं तर तारीख घालून अर्ज लिही, एका प्रतीवर आवक शिक्का मारून घे. शिक्का नाही म्हणाले तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठव आणि पावती ठेव.

आता थोडं मनातलं. तू डॉक्टरांसमोर काय बोलतोस? माझी खात्री आहे, ते विचारतात "कसं आहे?" आणि तू म्हणतोस "बरं आहे." आपल्याला तीच सवय लागलेली. मेलेल्या माणसाच्या दारात बसलो तरी विचारणाऱ्याला आपण "बरं आहे" म्हणतो. ते ऐकून डॉक्टर लिहितात, सुधारणा आहे. आणि मग आठवड्याभरात हलकं काम करायला हरकत नाही. खोटं बोल असं मी म्हणत नाही, खोटं कधीच सांगू नकोस. जे आहे ते मोजून सांग. किती मिनिटं उभं राहिल्यावर पाय बधिर होतात, पट्टा काढला की पाठ कुठे धरते, रात्री किती वेळा उठतोस, बादली उचलता येते का. तुझं काम काय आहे तेही सांग. त्यांना माहीत नसतं की तू आठ तास वाकून बारा किलोचे पार्ट ट्रॉलीत टाकतोस. जाण्याआधी वहीत चार ओळी लिहून ने. समोर गेलं की सुचत नाही, माझंही तेच व्हायचं.

आणि सर्टिफिकेटवर असताना कुठलंही काम करू नकोस. तुझा मित्र म्हणतो ना, संध्याकाळी दोन तास डिलिव्हरी कर, कोण बघतंय. त्या दोन तासांपायी वर्षभराचा लाभ जाईल, आणि मणका जाईल तो वेगळाच. गावी आईकडे जायचं असेल तर आधी डॉक्टरांची लेखी परवानगी घे. उपचाराखाली राहणं आणि न विचारता गाव न सोडणं ही लाभाची अट आहे. न सांगता गेलेले कितीतरी जण मी परत शून्यावर आलेले पाहिलेत.

टीबीचं औषध सुरू झालं तेव्हा तुझं नाव निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी रुग्णांच्या नोंदणीत, चढलं असेल. त्यातून पोषणासाठी महिन्याला 1,000 रुपये मिळतात. नोव्हेंबर 2024 च्या आधी ते 500 होते. बँक खातं जोडलेलं आहे का, टीबीच्या केंद्रावर विचार. या पैशाला पगाराची, नोकरीची अट नाही. अंडी, डाळ, शेंगदाणे यांतच घाल, मोबाईलच्या हप्त्यात नको.

तू तुझ्या मावसभावाचंही विचारलंस. तो गवंड्याच्या हाताखाली असतो, त्याला ना ईएसआय ना पीएफ. अर्धांगाचा झटका आला म्हणालास. त्याच्यासाठी संजय गांधी निराधार योजना आहे, 1980 पासूनची. क्षय, पक्षाघात, कर्करोग अशा आजारांनी पोट भरता येत नाही असे लोक तीत बसतात. महिन्याला 1,500 मिळतात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ऑक्टोबर 2025 पासून 2,500. अर्ज तलाठ्याकडे किंवा तहसीलला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत दाखवावं लागतं, आणि मला विचारशील तर ही अट माणसाची थट्टा आहे. महिन्याचे साडेसतराशे रुपये झाले ते. एवढ्यात घर धड चालत नाही. पण अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर ती मर्यादा 50,000 आहे. म्हणून त्याला आधी जिल्हा रुग्णालयात तपासून घेऊ दे आणि ते प्रमाणपत्र काढू दे. झटक्यानं हातपाय गेलेला माणूस त्या तपासणीत बसतो. चाळीस टक्क्यांच्या पुढे भरला तर पुढची बरीच दारं उघडतात. अर्ज दाबून ठेवला तर माहितीच्या अधिकारात विचारायचं, माझ्या अर्जावर काय झालं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. नुसता तो अर्ज गेला तरी फाईल हलते, हा माझा अनुभव.

तुला नकार आला तर तोंडी ऐकून घरी येऊ नकोस. "कारण लिहून द्या" म्हण. आवाज चढवू नकोस, पण खिडकी सोडू नकोस. निगमाच्या कार्यालयात महिन्यातून एकदा तक्रारींची बैठक असते, सुविधा समागम नावाची, तिथे अधिकारी समोर बसतात. त्याच्याही पुढे कामगार विमा न्यायालय आहे. बहुतेकांना तिथवर जावं लागत नाही.

फोनवर शेवटी तू एक म्हणालास, "काका, रांगेत उभं राहिलं की भीक मागतोय असं वाटतं." साडेतीन वर्षं दर महिन्याला 135 रुपये तुझ्या घामाचे गेलेत. दुकानदाराकडे ठेवलेली ठेव परत मागताना कुणी मान खाली घालतं का? मी घातली होती, बाळा. तीस वर्षं झाली, अजून रुतते ती गोष्ट.

तीन दिवसांत दोन्ही नंबर, सगळ्या पगाराच्या चिठ्ठ्या, आधार, पासबुक आणि एमआरआयचा रिपोर्ट गोळा कर. रिपोर्टची झेरॉक्स काढ, मूळ कुणालाच देऊ नकोस. मंगळवारी सकाळी साडेआठला मी दवाखान्याच्या फाटकापाशी असेन. आधी डॉक्टर, मग शाखेत नंबर एकत्र करायचा अर्ज. बसनं येऊ नकोस, धक्के बसतील. रिक्षा कर, पैसे मी देतो. पट्टा बांधून ये आणि पोटात काहीतरी घालून ये, ती औषधं जड असतात.

काकूनं शेंगदाण्याचे लाडू करून ठेवलेत. डबा घेऊन येतोय.

तुझा,
काका