कृतज्ञता शिकायला योग-ध्यानाच्या रिट्रीटला जावं का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी पुण्यात, गाव परभणीकडं, सगळं असूनही सारखी चिडचिड होते. कुणीतरी ‘ग्रॅटिट्यूड’चा सराव करायला सांगितलाय आणि त्यासाठी सात दिवसांच्या रिट्रीटचे ४५ हजार भरावेत का, असं विचारताय.

भरू नका. जायचं तर जा, पण दुसरीकडं. माझं लातूरला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. मी दोन्ही प्रकार करून बसलोय, म्हणून लिहितो.

आधी पैसे भरून गेलो होतो ते सांगतो. डोंगरातली जागा होती, नाव घेत नाही. आसनं चांगली घेतली, त्याबद्दल तक्रार नाही. दिवसभर वाकून तांब्याची तार भरणाऱ्या माणसाची पाठ भुजंगासनानं खरंच मोकळी होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला गोलात बसवलं, प्रत्येकाच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि सांगितलं, डोळे मिटा, पाण्याचे आभार माना. मला २०१६ आठवलं. लातूरचे नळ कोरडे पडले होते, पाण्यावरून भांडणं होतील म्हणून टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. ते पाणी मी प्यालोय. पण मिरजेत ते कुणी भरलं, रात्रपाळीला कोण उभं राहिलं, याची मी कधी चौकशीसुद्धा केली नाही. ते सगळं सोडून हातातल्या ग्लासाचे आभार मानत बसलो होतो. पाण्याचं बरं असतं, ते उलटून काही विचारत नाही. बाहेर आलो तर लॉनवर स्प्रिंकलर सुरू.

आपल्याकडं ‘कृतज्ञता’ हा शब्द भाषणात नाहीतर शोकसभेत ऐकू येतो. घरात म्हणतात, ‘त्याला जाण आहे’ किंवा ‘एवढं केलं पण जाण नाही.’ म्हणजे कुणी काय केलं ते आधी ठाऊक पाहिजे, मन भरून येणं वगैरे नंतरचं. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी पाच नियम सांगितले : शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान. त्यात कृतज्ञता नाही. जवळचा म्हणाल तर संतोष, पण संतोष एकट्यानं करता येतो. जाण ठेवायला समोर दुसरा माणूस लागतो. बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेत मात्र नेमका शब्द आहे, कतञ्ञू. कत म्हणजे केलेलं, ञू म्हणजे जाणणारा. अंगुत्तर निकाय या ग्रंथात बुद्ध म्हणतात की जगात दोन माणसं दुर्मिळ : आपणहून आधी उपकार करणारा आणि केलेलं जाणणारा. माझी आजी ‘जाण’ म्हणायची ते हेच.

दुसऱ्या खेपेला इगतपुरीला धम्मगिरी या केंद्रावर १० दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. ही सत्यनारायण गोयंकांची पद्धत. ते ब्रह्मदेशातले व्यापारी, तिथं सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं शिकले आणि १९६९ मध्ये भारतात येऊन शिकवायला लागले. पहाटे ४ ला घंटा, ११ ला जेवण, संध्याकाळी ५ ला चहा आणि फळ, मग रात्री काही नाही. बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत, फोन जमा. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. चौथ्या दिवसापासून विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना बघायच्या, आणि मग रोज तीन वेळा तासभर हालचाल न करता बसायचं. त्या तासात गुडघे काय बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

फी नाही. शिबिर पूर्ण केल्याशिवाय तुमच्याकडून पैसे घेतच नाहीत. तुम्ही जे खाता ते आधी बसून गेलेल्या कुणीतरी दिलेलं असतं. शेवटी तुम्ही दान दिलंत तर ते तुमच्या जेवणाचे पैसे ठरत नाहीत, पुढं येणाऱ्याचे ठरतात. धंदेवाल्या माणसाला हे पचत नाही. मी दोन दिवस मनातल्या मनात ताटाचा हिशोब लावत होतो, किती होतील, जाताना टेकवू आणि मोकळं होऊ. मोकळं होताच येत नाही, ही त्यातली गोम आहे.

सहाव्या दिवशी डोकं जरा शांत झालं तेव्हा पोळीकडं लक्ष गेलं. काही पोळ्या एका कडेला जाड असायच्या. रोज, त्याच बाजूला. म्हणजे लाटणारा एकच माणूस आणि त्याचा एक हात जास्त दाबतोय. चार दिवस मी त्या पोळीची वाट बघायचो. दहाव्या दिवशी मौन सुटलं तसा आधी स्वयंपाकघराकडं गेलो. बीडकडचा एक एसटी कंडक्टर निघाला. मागं कधीतरी शिबिर केलेला, आता स्वतःची रजा टाकून सेवेला आलेला. मी त्याला पोळीचं सांगितलं. तो म्हणाला, ‘जाड होते का? घरीपण हेच म्हणतात.’

मला जे काही मिळालं ते तेवढंच, पण आजही कुठं ताटावर बसलो की लाटणाऱ्याचा हात डोळ्यांपुढं येतो.

१० दिवस जमत नसतील तर नांदेडला जा. परभणीहून लांब नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये जिथं देह ठेवला त्या सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये कुणीही जेवतं, आणि कुणीही भांडी घासायला बसू शकतं. आधी जेवा, मग तासभर घासा. योगा मॅटची गरज नाही.

आणि मार्गशीर्ष अमावास्येला सवड असेल तर आमच्या लातूर-धाराशिवकडं कुणाच्या तरी शेतात या. वेळ अमावास्या हा शेताच्या पूजेचा सण, आम्ही येळवस म्हणतो. शहर ओस पडतं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत पांडव म्हणून मांडलेले दगड, आंबिलाचं बिंदगं म्हणजे मडकं. ‘ओलगे ओलगे’ म्हणत आधी रानाला आंबील शिंपडायची, मग माणसांनी भज्जी (मिसळीची भाजी) आणि बाजरीच्या उंड्यांवर बसायचं. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. मला एक शेतकरी बोलावतो, कारण एका रब्बीत त्याची जळालेली मोटार मी रात्रीतून भरून दिली होती. मी ते विसरलो होतो. पैसेही पूर्ण घेतले होते.

रोजच्या सरावाचं विचारलंत तर वही ठेवा, पण रोज लिहू नका. एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये छापलेल्या प्रयोगांपैकी एकात आठवड्यातून एकदाच, आभार मानाव्यात अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला लावल्या होत्या, आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्या लोकांना बरं वाटलं. रोज लिहायला लावलेले प्रयोगही त्यांनी केले, पण माझं रोज लिहिलं की तिसऱ्या दिवशी ‘सूर्य, हवा, कुटुंब’ सुरू होतं. माझी अट एकच, माणूस लिहायचा आणि त्यानं काय केलं ते लिहायचं. जमलं तर त्याला फोन.

शिबिराचा फॉर्म भरताना नैराश्याचं किंवा झोपेचं औषध सुरू असेल तर लपवू नका, आधी डॉक्टरांशी बोला. ती चिडचिड दुसऱ्याच कशाची असू शकते. इगतपुरीला जागा नसेल तर छत्रपती संभाजीनगरलाही केंद्र आहे. आणि निघायच्या महिनाभर आधीपासून घरी जमिनीवर मांडी घालून जेवायला सुरुवात करा. मी केली नव्हती.