इंटरफिअरन्स म्हणजे हस्तक्षेप नव्हे

प्रश्न आलाय की मोबाइलच्या टॉवरवर भरपूर अँटेना लावून 'इंटरफिअरन्स मॅनेजमेंट' करतात, त्याला मराठीत 'हस्तक्षेप व्यवस्थापन' म्हणायचं का. अजिबात नाही! हा 'हस्तक्षेप' वाचून वाचून डोकं उठलंय. हस्तक्षेप करायला बाहेरचा कुणीतरी लागतो, इथे बाहेरचं कोण आहे? शेजारशेजारच्या सेलमध्ये, म्हणजे एकेका टॉवरच्या इलाख्यात, तीच फ्रिक्वेन्सी वापरलेली असते आणि त्याच नेटवर्कच्या लहरी एकमेकींवर आदळतात.

आता खरी मजा. चांगले जाणकारसुद्धा ट्रान्सफर, रेफरमधलाच 'फेर' इथे आहे असं बिनदिक्कत ठोकून देतात. साफ चूक. तो लॅटिन फेर्रे, म्हणजे वाहून नेणं. इंटरफिअर आलाय फेरीरेवरून, म्हणजे मारणं, आणि जुन्या फ्रेंचमधून येताना अर्थ झाला एकमेकांना मारणं. इंग्रजीत सुरुवातीला हा शब्द घोड्यांसाठी होता, चालताना घोड्याचा एक खूर त्याच्याच दुसऱ्या पायाला लागतो ना, ते इंटरफिअर! परका हात कुठेच नाही, पाय स्वतःचेच. पुढे १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंगने तो प्रकाशलहरींना लावला.

म्हणून इंटरफिअरन्ससाठीचा भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला 'व्यतिकरण' मला फार आवडतो. बोजड म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी त्यातला 'व्यति' जरा बघावा, पाणिनीच्या व्याकरणातल्या 'कर्मव्यतिहार'मधला (क्रियेची देवाणघेवाण) तोच, 'व्यतिलुनते' म्हणजे एकमेकांची कापणी करतात. इतकं नेमकं कुठे मिळणार?

आणि भरपूर अँटेना असल्या की 'हस्तक्षेप' पुरताच फसतो. ३.५ गिगाहर्ट्झला लहरीची लांबी साधारण ८.६ सेंमी. दोन अँटेनांचे सारख्याच ताकदीचे सिग्नल एखाद्या फोनपाशी ४.३ सेंमीच्या, म्हणजे अर्ध्या लहरीच्या फरकाने पोचले तर एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर बसतो आणि दोन्ही मिटतात. टॉवर हे मुद्दाम करतो, फेज, म्हणजे लहरींचे उंचवटे-खळगे कधी येणार ते, अशा जुळवतो की आपल्या फोनपाशी बेरीज व्हावी आणि शेजारच्या फोनपाशी शून्य. चार अँटेना असतील तर एकाला सिग्नल देताना तिघांकडे शून्य ठेवता येतं, फक्त प्रत्येकापर्यंतचा चॅनल, म्हणजे वाटेत सिग्नल कसा बदलतो ते, नीट माहीत हवा. म्हणजे व्यतिकरणानेच व्यतिकरण मारायचं. इथे 'हस्तक्षेपाने हस्तक्षेप' लिहिलंत तर वाचणाऱ्याला काय कळणार?

'व्यवस्थापन' चालेल, मी 'नियंत्रण' लिहितो. आणि नॉइजला कृपा करून व्यतिकरण म्हणू नका, तो रिसीव्हरमधल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेचा गोंगाट, टॉवरने फेज कितीही जुळवल्या तरी तो मिटत नाही.