ऐरण, अधिकरण आणि पृथ्वीचे पोट

दोन हिऱ्यांमध्ये पदार्थ दाबून पाहण्याच्या ‘डायमंड ॲन्व्हिल सेल’ या उपकरणाला ‘हीरक निहाई कोशिका’ म्हणावे का, आणि त्यात निर्माण होतो तो दाब की दबाव, असे एका वाचकाने विचारले आहे. दबाव मंत्र्यावर येतो, दाब पदार्थावर पडतो. विज्ञानाच्या भाषांतरकारांना हे किती वेळा सांगायचे? ‘कोशिका’ ही हिंदीतली सजीवांची पेशी. येथे हवी आहे ती कुपी. आणि लोहाराच्या भात्याशेजारी आपली ऐरण असताना ‘निहाई’ कशाला?

ऐरणीचे मूळ फार सुंदर आहे. पालीत लोहाराच्या ऐरणीला ‘अधिकरणी’ म्हणत, प्राकृतात तिची ‘अहिगरणी’ झाली, पुढे ‘ग’ आणि ‘ह’ गळाले, स्वर एकमेकांत मिसळले आणि मराठीला ऐरण मिळाली. ‘अयस्’ म्हणजे लोखंड, त्यावरून ऐरण, असे ठासून सांगणारे भेटतात. त्यांनी मग त्यातला ‘रण’ कोठून आला, तेही सांगावे. ‘आधारोऽधिकरणम्’ असे पाणिनीचे सूत्र आहे: क्रिया ज्याच्या आधाराने घडते ते अधिकरण. घाव घणाचा, पण वस्तू घडते ती ऐरणीवर. संस्कृतात न्यायसभेलाही अधिकरण म्हणत आणि मीमांसेत एकेका वादविषयाच्या विचारालाही. म्हणून ‘प्रश्न ऐरणीवर येणे’ या वाक्प्रचारात तापल्या लोखंडाबरोबर त्या न्यायसभेचीही आठवण उरली असावी, असे माझे मत आहे, आणि ते मी सहजासहजी सोडणार नाही.

१९५८ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये तयार झालेल्या या उपकरणात तर घण नाहीच. दोन हिऱ्यांची अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक टोके समोरासमोर, मध्ये धातूच्या पत्र्याच्या छिद्रात खनिजाचा कण, त्याच्याजवळ दाब मोजण्यासाठी माणकाची कणी. आणि हिरा पारदर्शक असल्याने त्याच्यातूनच लेसर सोडून तो कण हजारो अंशांपर्यंत तापवता येतो. २००४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी अशाच हिऱ्यांमध्ये मॅग्नेशियम सिलिकेट सुमारे १२५ गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या बारा लाख पटींहून अधिक दाबाखाली ठेवले, तेव्हा त्यातील अणूंची रचनाच बदललेली क्ष-किरणांनी दाखवली. पृथ्वीचे कवच आणि गाभा यांच्यामधल्या थराच्या, म्हणजे प्रावरणाच्या, तळाजवळ, सुमारे २,७०० किलोमीटर खोलीवर, असाच दाब असतो.

येथे दोन्ही हिरे एकमेकांचे आधार आहेत, दोन्ही अधिकरणेच. म्हणून एकवचनी ‘हिऱ्याची’ नव्हे, तर ‘हिऱ्यांची ऐरणकुपी’ म्हणावे.