ऑरेंज बीचला छोटी बोट ठरवून रेड स्नॅपर मासा पकडायला गेलं तर पैसे वसूल होतात का?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये अटलांटाहून अलाबामाच्या ऑरेंज बीचला जाताय, घरचे सहा जण आहात, सहा जणांची बोट ठरवायचा विचार आहे आणि कुणीही आजवर गळ टाकलेला नाही.

मासळीबाजाराच्या हिशेबाने विचारत असाल तर नाही होत. आम्हीही सहा जणच होतो. सहा तासांच्या बोटीचे १३०० डॉलर आणि वर खलाशाला २० टक्के, म्हणजे माणशी २६०. कायद्याने माणशी दिवसाला रेड स्नॅपर दोनच ठेवता येतात, तेही १६ इंचांपेक्षा लहान नकोत. कॅप्टन आणि खलाशाच्या वाट्याचे म्हणून आणखी चार पकडू म्हणाल तर तेही चालत नाही. सहा जणांचे बारा मासे झाले की स्नॅपरपुरता खेळ संपला. एक मासा १३० डॉलरला पडला. आई फोनवर म्हणाली, "एवढ्यात हय होडी येयत." म्हणजे एवढ्या पैशांत इथे आख्खी होडी येईल. येत नाही, पण मुद्दा पोचला.

मग हे पैसे जातात कशाला? जागेला. अलाबामासमोरचा समुद्राचा तळ म्हणजे मैलोन्‌मैल सपाट वाळू आणि चिखल. रेड स्नॅपरला मात्र आडोसा लागतो. अगदी लहान असताना तो शिंपल्यांच्या तळावर राहतो आणि जरा मोठा झाला की खडक, बुडालेलं जहाज, असं काहीतरी शोधतो. इथे ते फारसं नव्हतंच, म्हणून माणसांनी नेऊन टाकलं. १९५३ साली ऑरेंज बीचच्या बोटवाल्यांनी अडीचशे मोटारींचे सांगाडे समुद्रात बुडवले, तिथून हे सुरू झालं. सत्तरच्या दशकात दुसऱ्या महायुद्धातली पाच मालवाहू लिबर्टी जहाजं गेली, नव्वदच्या दशकात लष्कराचे शंभर रणगाडे गेले. आता मुख्यतः काँक्रीटचे पिरॅमिड टाकतात. रणगाड्यात मासे राहायला गेल्याचं ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

गंमत पुढेच आहे. ठरवून दिलेल्या पट्ट्यात सरकारी परवानगी घेऊन कुणीही स्वतःच्या खर्चाने असा आडोसा बुडवू शकतो आणि तो नेमका कुठे आहे हे इतरांना सांगायची गरज नसते. त्यामुळे प्रत्येक कॅप्टनकडे स्वतःच्या जागांचे आकडे असतात. आमच्या कॅप्टनच्या जीपीएसच्या पडद्याकडे मी जरा वाकून पाहिलं, तर त्याने हसत हसत अंग मध्ये घातलं. मला एकदम आजोबा आठवले. ते देवगडला गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जायचे. दीपगृह आणि मागचा ठरावीक माड एका रेषेत आले, की दुसऱ्या बाजूची टेकडी पाहायची आणि तिथे नांगर टाकायचा, खाली खडप. कुठला माड, हे त्यांनी माझ्या वडिलांनाही शेवटपर्यंत सांगितलं नाही.

म्हणून बोट ठरवताना ती किती चकचकीत आहे ते पाहू नका. दोन गोष्टी विचारा. पहिली, एकूण तासांतले किती तास प्रत्यक्ष गळ पाण्यात असतो? जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, वाटेत आमिषासाठी जिवंत मासे पकडायला अर्धा तास, असं करत चार तासांच्या बोटीत हातात फार काही उरत नाही. दुसरी, तुमच्या तारखेला स्नॅपर ठेवता येतो ना? परवानाधारक भाड्याच्या बोटींचा हंगाम १ जूनला उघडतो आणि तो कधी बंद होणार ते दर वर्षी जाहीर होतं. (कोकणात त्याच १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी सुरू होते. आमच्या घरात ही तारीख म्हणजे सुकटीचे डबे उघडायची.) मासेमारीचा वेगळा परवाना तुम्हाला काढावा लागत नाही, बोटीच्या परवान्यात पाहुणे येतात.

आता बोट लागण्याबद्दल. तुम्ही हा प्रश्न विचारलेला नाही, पण खरा प्रश्न हाच आहे. आमच्यातला एक जण, जो आदल्या रात्री सगळ्यांना धीर देत होता, तो पहिला मासा येण्याआधीच आडवा झाला आणि परत येईपर्यंत तसाच राहिला. २६० डॉलर देऊन आकाश बघत. बोट धावत असते तोवर काही होत नाही, थांबून डोलायला लागली की होतं. बोट लागू नये म्हणून गोळी घ्यायची असेल तर आदल्या रात्री एक आणि निघण्याआधी एक घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. मुलांना द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून. केबिनमध्ये जाऊन पडू नका, डिझेलच्या धुराकडे बसू नका, नजर क्षितिजावर ठेवा. आणि केळी नेऊ नका. बोटीवर केळं म्हणजे अपशकुन, असं हे लोक मानतात. आमच्याकडे होतं, खलाशाने ते समुद्रार्पण केलं.

प्रत्यक्ष मासा पकडणं सोपं आहे, फक्त आपली सवय आड येते. पाणी शंभर फुटांच्या आसपास, म्हणजे सोळा-सतरा वाव. शिसं तळाला टेकलं की दोर सैल पडल्याचं बोटाला कळतं. लगेच रीळ दोन-तीन वेढे वर घ्यायचं, नाहीतर गळ खालच्या भंगारात अडकतो. आमिष म्हणजे माकूल, कापलेला मासा किंवा छोटा जिवंत मासा. टुकटुक झाली की मी आजोबांनी शिकवल्याप्रमाणे हिसका दिला. मासा गेला. परत दिला, परत गेला. इथे टोक आत वळलेला गोल गळच वापरावा लागतो. तो माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात आपोआप बसतो, आणि हिसका दिला की तोंडातून सरळ बाहेर येतो. तिसऱ्या वेळी खलाशी पोरगा माझ्या कानाशी येऊन ओरडला, की हिसका नको, नुसतं गुंडाळत राहा. तेव्हा आला. पाण्यात वीसेक फूट खोल असताना आधी नुसता गुलाबी डाग दिसतो, मग तो लाल होत वर येतो. आपल्या तांबोशीचा भाऊबंद, पण रंग जास्त भडक.

लहान मासे सोडावे लागतात, आणि तिथे जरा बघा. खोलातून भरभर वर आल्याने त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात आणि तोंडातून फुग्यासारखं काहीतरी लोंबतं. ते जठर असतं, ते टोचायचं नाही. असा मासा नुसता पाण्यात टाकला तर तरंगत राहतो आणि मरतो किंवा डॉल्फिनच्या पोटात जातो. म्हणून जबड्याला चिमटा लावून वजनाने त्याला परत खाली पोचवतात. हे साधन किंवा पिशवीतली हवा काढायची सुई तयार ठेवण्याचा नियम २०२२ मध्ये आला. आमच्या खलाशाने पहिल्या दोघांना ते लावलं आणि नंतर घाईत नुसते फेकायला लागला. मी बोललो नाही, बोलायला हवं होतं. हा मासा पन्नास वर्षांहून जास्त जगू शकतो आणि गेल्या शतकात इथे तो वाईट रीतीने उपसला गेला. पिल्लं तर कोळंबीच्या जाळ्यांतच मरत होती. माणशी दोनवर कुरकुर करणारे धक्क्यावर खूप भेटतील. मला दोन पुरतात.

एखादा मासा अर्ध्या वाटेत जड होऊन अचानक हलका लागला तर तुमची चूक नाही, मोरीने, म्हणजे शार्कने घेतला. आमच्या हाती एकदा नुसतं डोकं आलं.

डोक्यावरून आठवलं. धक्क्यावर परतल्यावर खलाशी मासे साफ करून देतो. तो दोन बाजूंचे काटाविरहित तुकडे काढतो आणि डोकं, काटा सगळं टाकून देतो. सुरी लावायच्या आधी सांगा की डोकी हवीत. आम्ही पहिली चार गेल्यावर शुद्धीवर आलो. आठ वाचली. त्यांचं कालवण आमच्या भाड्याच्या खोलीत झालं, दोन दिवस पुरलं, आणि तो आडवा पडलेला मित्रच सगळ्यात जास्त जेवला. नारळाचं दूध तिथे डब्यातलं मिळतं, कोकम मात्र अटलांटाहून न्या.