लंगरी हे आडनाव नव्हे

प्रश्न : आईच्या जुन्या ट्रंकेत पणजोबांचा बिल्ला सापडला. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार, 1914 आणि 1918 हे आकडे. भावकीत एकाकडे अगदी असाच आहे, पण तो चांदीचा. आमचा तांबूस, म्हणून सोनार त्याला नकली म्हणतो. कडेवर इंग्रजीत 'लंगरी', मग पणजोबांचं नाव, पुढे '117 मराठाज'. आमचं आडनाव लंगरी नाही. बिल्ला दुसऱ्याच कुणाचा आहे का? घरात तर ऐकत आलो की पणजोबा बसऱ्याला लढले. (एक वाचक, कोरेगाव तालुका)

उत्तर : सोनाराला तोळा-मासा विचारावा, पलटणीचं विचारू नये. तुम्ही पाठवलेले फोटो भिंगाखाली पाहिले. बिल्ला अस्सल आहे आणि पणजोबांचाच आहे.

लंगरी म्हणजे लंगरात रांधणारा, पलटणीचा स्वयंपाकी. कडेवर आधी हुद्दा आणि मग नाव ठोकायची पद्धत होती, त्यामुळे हुद्दा आडनावासारखा वाटतो. बेळगावात 22 वर्षं रेकॉर्डच्या कागदांत गेली माझी. हीच फसगत घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. एकाने तर 'भिस्ती' (म्हणजे पाणक्या) वाचून बिल्ला परत ट्रंकेत टाकला होता.

आता तांब्याचं. पहिल्या महायुद्धाचं हे ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मिळालं. मजूर, पाणके, लंगरी अशा बिनबंदुकीच्या माणसांना, सरकारी भाषेत 'फॉलोअर्स'ना, तेच पदक काशाचं दिलं गेलं. ठसा तोच, घोड्याच्या टापेखालची गरुडाची ढालही तीच, धातू तेवढा उतरवला. अशी सुमारे 1,10,000 पदकं निघाली, त्यांत चिनी आणि माल्टाचे मजूरही आले. चांदीची याच्या कितीतरी पट. म्हणजे दुर्मिळ कोणतं, ते भावकीत बोलून दाखवायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

पणजोबा लढले नाहीत, हे मात्र घरात सांगावं लागेल. पण मला विचाराल तर सांगताना आवाज खाली घेऊ नका. 117 वी पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधली. 103 आणि 110 या आपल्या आणखी दोन पलटणीही त्याच डिव्हिजनमध्ये होत्या. डिसेंबर 1915 मध्ये ही सगळी फौज आजच्या इराकमधल्या तैग्रिस नदीकाठी, कुत या गावात तुर्कांच्या वेढ्यात कोंडली गेली आणि 29 एप्रिल 1916 ला तिने शस्त्रं खाली ठेवली. रसद संपत आली तशी घोडी कापली गेली. आपल्या शिपायांनी ते मांस आधी नाकारलं. पीठ दिवसेंदिवस कमी मिळे, ताजी भाजी नाही म्हणून हिरड्या सुजायच्या. त्या दिवसांत लंगरीची चूल कशी पेटत असेल? तुमचे पणजोबा कुतमध्येच होते असं या बिल्ल्यावरून म्हणता येत नाही. पलटणीत मागाहूनही भरती झाली. तो शोध माणसाच्या लष्करी नंबरावरून घ्यायचा, म्हणून कडेवर नावाच्या आधी आकडे असतील तर तेही कळवा.

आणि चिंच-राख लावून घासणं आजपासून बंद. कडेची अक्षरं आधीच पुसट झाली आहेत. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी फिरवा, अक्षरं उमटतील. फीत नवी घेताना मधे रुंद नारिंगी आणि दोन्हीकडे पांढरा, काळा, निळा असे पट्टे बघून घ्या.

प्रश्न : वडील दुसऱ्या महायुद्धात 1/5 मराठात होते. त्यांचे दोन सहा टोकांचे तारे आहेत, एकावर आफ्रिका, दुसऱ्यावर इटली. फिती कुजल्या. रंग कोणते? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : इटली स्टारची फीत लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल अशी, पाचही पट्टे सारखे. हे इटलीच्या झेंड्याचेच रंग. 11 जून 1943 ते 8 मे 1945 हा त्याचा काळ. वडील 1/5 मराठात, म्हणजे पाचव्या मराठाच्या पहिल्या बटालियनमध्ये होते म्हणता, तर 9 एप्रिल 1945 ला सेनियो नदीवर नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारी लढाई झाली, ती त्यांचीच पलटण. ही फीत कशीही लावा, उलटी होत नाही.

आफ्रिका स्टारची होते. तिचा रंग वाळवंटातल्या वाळूचा, मधे भूदलासाठी रुंद लाल पट्टा, एका अंगाला आरमाराचा गडद निळा, दुसऱ्या अंगाला विमानदलाचा फिका निळा. चौकटीत बसवताना गडद निळा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला आला पाहिजे. फ्रेमवाला हमखास उलटा बसवतो, दुकानात उभं राहून करून घ्या.